गिनी पिगचं घर बाहेर ठेवायचंय, कसलं घेऊ?

प्रश्न: आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, आता त्यांना अंगणात हलवायचंय. प्लास्टिकचं घर बरं की लाकडी? पावसात भिजणार नाहीत ना?

उत्तर: लाकडीच घ्या, पण जाड फळीचं. प्लास्टिक धुवायला सोपं असतं हे खरं, पण उन्हात ते आतून भट्टीसारखं तापतं आणि या प्राण्यांना थंडीपेक्षा उकाडाच जास्त बाधतो, साधारण १८ ते २४ डिग्री त्यांना मानवतं, त्याच्या बरंच वर गेलं की उष्माघाताची भीती. म्हणून घर सावलीतच ठेवा, आणि सावली दिवसभर सरकते हे लक्षात असू द्या, सकाळी बघून जागा ठरवली तर दुपारी फसाल.

छप्पर उतरतं हवं आणि कडा भिंतीच्या बाहेर चार बोटं तरी आलेल्या, नाहीतर पागोळ्यांचं पाणी फळीवरूनच आत झिरपतं. घराला पाय हवेत, जमिनीला टेकलेला तळ खालून कुजतो. पाऊस येतो म्हणून सगळीकडून ताडपत्री गुंडाळतात ना, ते अजिबात करू नका, आत लघवीचा अमोनिया कोंडतो आणि श्वासाचे आजार होतात, वाऱ्याची बाजू तेवढी झाका.

जाळी वेल्डेड घ्या, कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं सहज फाडतं. आत भरपूर सुकं गवत घाला, रोज हात घालून बघा, ओलं लागलं की बदला. आणि पारा १५ च्या खाली गेला तर सरळ घरात आणा त्यांना.