मिसिसिपी जॉन हर्ट ३५ वर्षे कुठे होते, आणि त्यांचे आधी काय ऐकावे?

१९२८ मध्ये गाणी मुद्रित करणारे, ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचे गायक मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ पर्यंत कुठे हरवले होते आणि त्यांची कोणती ध्वनिमुद्रणे आधी ऐकावीत, असे आपण विचारले आहे.

हर्ट कुठेही गेले नव्हते. मिसिसिपी राज्याच्या कॅरोल काउंटीतील ॲव्हलॉन या लहानशा वस्तीत ते वाढले, तिथेच शेतमजुरी करत राहिले आणि गावातल्या नाचगाण्यांच्या वेळी गिटार वाजवत राहिले. फिडलवादक विली नारमर यांनी शिफारस केल्यामुळे ओकेह या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या टॉमी रॉकवेल यांनी त्यांना फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिसला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला बोलावले. मेम्फिसची आठवण हर्ट यांनी पुढे सांगितली आहे. मोठ्या दालनात ते, रॉकवेल आणि तंत्रज्ञ एवढेच होते. मायक्रोफोन थेट तोंडाशी आणलेला होता आणि एकदा जागा ठरल्यावर डोके जराही हलवायचे नव्हते, त्यामुळे त्यांची मान पुढे कित्येक दिवस दुखत होती. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पाठोपाठ महामंदी आली आणि पुन्हा बोलावणे आले नाही.

न्यूयॉर्कला मुद्रित केलेल्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’मध्ये ॲव्हलॉन हे आपले गाव असल्याचे ते गातात. त्या एका ओळीच्या आधाराने टॉम हॉस्किन्स या तरुण संग्राहकाने १९६३ मध्ये जुन्या नकाशासंग्रहात ते गाव हुडकले आणि तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. ही हकिकत विलक्षण आहे यात शंका नाही. पण तिच्या कौतुकात हर्ट यांचे वादनच मागे पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यांचे सगळे वैभव उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. अंगठा जाड तारांवर एक आड एक असा ठेका अखंड धरून ठेवतो, आणि त्याच वेळी तर्जनी व मध्यमा बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, तीही बहुधा ठेक्याच्या किंचित आधी किंवा नंतर, त्यामुळे दोन माणसे वाजवत असल्याचा भास होतो. गिटार ते स्वतःच शिकले होते. मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील डेल्टा या सखल प्रदेशातील अनेक ब्लूज गायकांचा आवाज खरखरीत आणि आर्त असतो. हर्ट मात्र शेजारी बसून बोलावे इतक्या सौम्यपणे गातात, आणि म्हणूनच ब्लूज नव्याने ऐकणाऱ्याला मी नेहमी त्यांचेच नाव सुचवतो.

१९६३ मध्येच ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेससाठीही त्यांनी मुद्रणे केली. नंतर व्हॅनगार्ड कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. २ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे हा दुसरा काळ जेमतेम तीन वर्षांचाच. तरीही गिटार बोटांनी छेडायला शिकणारे विद्यार्थी आज जगभर त्यांच्या रचनांवर हात बसवतात.

आपण ‘लुई कॉलिन्स’पासून सुरुवात करावी. एका खुनाचे आणि त्यानंतर रडणाऱ्या आईचे हे गाणे त्यांनी अत्यंत हळुवारपणे म्हटले आहे. १९२८ चे मुद्रण आणि १९६६ च्या व्हॅनगार्डच्या ध्वनिमुद्रिकेतील मुद्रण लागोपाठ ऐकावे. वयानुसार आवाज खोल झालेला जाणवतो, पण ठेका तसाच पक्का आहे. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष गेले तरी हरकत नाही. दुसऱ्या वेळी मात्र केवळ जाड तारांचाच आवाज ऐकावा.