‘स्टील’ : चोरी न करता चोरपावलांनी

एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे : इंग्रजी कथेत ‘शी स्टोल आउट ऑफ द रूम’ असं वाक्य आलं, पण पुढे चोरीचा उल्लेखच नाही. मग तिने चोरलं काय?

काहीच नाही. ‘स्टोल’ हे ‘स्टील’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. ‘स्टील’ म्हणजे चोरणे, हे खरंच; पण कुणाला चाहूल लागू न देता निघून जाणं हा अर्थही त्याला सुमारे हजार वर्षांपासून आहे. जर्मनमधलं त्याचं भावंड ‘श्टेलन’ हेही दोन्ही अर्थांनी वापरतात. ‘फर्टिव्ह’ म्हणजे चोरटं, लपूनछपून केलेलं; त्याच्या मुळाशीसुद्धा लॅटिनमधला चोर, म्हणजे ‘फूर’, बसलेला आहे. ‘हील’ (बरं होणं) वरून ‘हेल्थ’, तसं ‘स्टील’वरून ‘स्टेल्थ’. हा शब्द आधी चोरीसाठीच होता, आता फक्त लपूनछपून करणं उरलं. माझगाव गोदीत बांधलेली, २०१० साली नौदलात आलेली ‘शिवालिक’ स्टेल्थ युद्धनौका म्हणवते, ती रडारवर सहजी दिसू नये अशी तिची बांधणी आहे म्हणून.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तान्हं बाळ नुकतं झोपलेलं असतं. आई त्याच्या मानेखालचा हात बोटाबोटाने सोडवते, बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरते आणि टाच न टेकवता दारापर्यंत जाते. तिला आपण चोर म्हणत नाही, पण तिची पावलं मात्र चोरपावलं! चोरखिसा, चोरदरवाजा, क्रिकेटमधली चोरटी धाव, सगळीकडे ‘चोर’ आहे तो लपण्यापुरता.

फरक एवढाच, की मराठीत नुसतं ‘चोरणे’ हे क्रियापद चालत नाही, म्हणजे ‘ती खोलीतून चोरली’ असं आपण म्हणत नाही. आणि इथेच भाषांतरात पाय घसरतो. ‘स्टील अ ग्लान्स’ म्हणजे चोरून बघणं. त्याचं ‘नजर चोरणे’ केलंत तर अर्थ उलटाच होतो, कारण नजर चोरणारा बघायचं टाळत असतो. असली चूक मला छापील भाषांतरात दिसली की फार वाईट वाटतं.

तुमच्या वाक्याला मी ‘ती चोरपावलांनी खोलीबाहेर गेली’ असं म्हणेन. ‘सटकली’ नको, त्यात काहीतरी टाळून पळाल्याचा वास येतो, तो ‘स्नीक’ला जास्त शोभेल.

गळ्याभोवती घेतात त्या ‘स्टोल’चा मात्र याच्याशी संबंध नाही. तो ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला, अंगावरच्या वस्त्राचा शब्द.