लॉगिंग, रोजनिशी की कीर्द? आणि एका 'खाड्या'बद्दल

प्रश्न असा आहे: सांगलीतल्या एका प्रदर्शनात एक चित्रकार वर्षभराचं काम मांडणार आहेत. रोज सकाळी आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेची पातळी लिहायची आणि त्या दिवशीच्या पाण्यातल्या गाळाची एक पट्टी कागदावर ओढायची, एवढंच ते काम. इंग्रजी फलकावर त्याला 'लॉगिंग ॲज प्रॅक्टिस' म्हटलं आहे. मराठी फलकावर काय लिहावं? दैनंदिनी, रोजनिशी, नोंदणी, अभिलेखन असे पर्याय निघाले. कुणी 'कीर्द' सुचवलं, पण तो तर पेढीवरच्या रोजच्या जमाखर्चाच्या वहीचा शब्द, अशी शंका आली.

कीर्दच योग्य, असं माझं मत आहे. आधी बाकीचे शब्द का नकोत ते पाहू.

'नोंदणी' लगेच बाजूला ठेवा. नोंदणी दस्ताची होते, लग्नाची होते, वाहनाची होते. तिथे कुणीतरी अधिकारी शिक्का मारणारा असतो. इथे हवी ती 'नोंद'. 'अभिलेख' म्हणजे लिहून झालेला, जपून ठेवलेला कागद. भूमी अभिलेख कार्यालयात तो शोभतो, पण रोज उठून लिहिण्याची क्रिया त्यातून दिसत नाही. 'दैनंदिनी' निर्दोष आहे, फक्त ती ऐकताच जानेवारीत भेट मिळणारी वही डोळ्यापुढे येते.

'रोजनिशी'वर थोडं थांबायला हवं. यातल्या 'निशी'चा रात्रीशी संबंध नाही, जरी अनेकांना तो शब्द रात्री निजण्यापूर्वी लिहायची वही असाच वाटतो. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांच्या शेपटीला तोच आहे, आणि फडणिशी, चिटणिशी तशीच रोजनिशी. सरकारी कचेरीत आवक-जावक टपाल जिथे चढवतात त्या 'बारनिशी'तही तीच 'निशी'. जुनी रोजनिशी ही दरबारची वही होती. सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या रोजनिश्यांतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खंडाखंडांनी छापले गेले. त्यांत सनदा आहेत, वतनं आहेत, नेमणुका आणि खर्च आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय वाटलं याचा मागमूस नाही. म्हणजे मूळ अर्थाने रोजनिशी इथे चपखल बसली असती. पण गेल्या शतकात या शब्दाने कूस बदलली. आज रोजनिशी म्हटलं की वाचक मनातलं काही वाचायला मिळेल म्हणून पुढे सरकतो, आणि या फलकासमोर त्याला मिळणार फूट, इंच आणि गाळ.

आता कीर्द. फारसी 'कर्दन' म्हणजे करणे. कीर्द म्हणजे जे केलं, जे घडलं ते. आपण सहज म्हणतो त्या 'कारकीर्द' शब्दात हीच कीर्द बसलेली आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत मुलूख 'कीर्द महामूर' करण्याची आज्ञा सापडते, तिथे अर्थ आहे लागवड, वस्ती. पैशाचा हिशेब हा या शब्दाचा एक उपयोग झाला. पेढीवरची कीर्द कशी चालते ते पाहिलं तर या चित्रकाराचं काम तिच्याशी किती जुळतं ते कळेल: डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च), आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक, आणि प्रत्येक व्यवहार त्याच दिवशी, घडल्या क्रमाने. क्रम हा कीर्दीचा प्राण आहे. विषयवार मांडणी नंतर खतावणीत होते. म्हणून 'खतावणी' हा शब्द इथे चुकेल. पुराचे दिवस एका भिंतीवर आणि उन्हाळ्याचे दुसऱ्या भिंतीवर लावले, तरच ती खतावणी.

कीर्दीबरोबर आणखी दोन उपयोगी शब्द येतात. पुलावर उभं राहून घाईत लिहिलेली ती 'कच्ची' कीर्द, घरी येऊन उतरवलेली ती 'पक्की'. प्रदर्शनात कच्ची वहीही ठेवली जाणार असेल तर हेच शब्द वापरा, 'रफ' आणि 'फेअर' नकोत. पक्क्या कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि सही.

'लॉग' हा शब्दही पाण्यावरच्या मोजमापातूनच आला, हे इथे सांगण्यासारखं आहे. जहाजाचा वेग काढायला दोरीला लाकूड बांधून ते समुद्रात सोडत. ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या यावरून वेग कळे. ते लाकूड म्हणजे लॉग, आणि ते आकडे जिथे चढवत ती लॉगबुक.

'प्रॅक्टिस'ला 'सराव' करू नका, 'प्रथा'ही नको. सराव पुढच्या परीक्षेसाठी असतो आणि प्रथा समाजाची असते. एकट्याने, स्वतःवर घालून घेतलेली, न चुकवायची गोष्ट म्हणजे 'नेम'. वारीचा नेम, एकादशीचा नेम. 'नोंदीचा नेम' म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि नेम आला की 'खाडा' आलाच. दूधवाल्याच्या कार्डावर, मोलकरणीच्या महिन्यात, मजुराच्या हजेरीत जो दिवस बुडतो तो खाडा. इंग्रजीतल्या 'गॅप'पेक्षा हा शब्द नेमका आहे, कारण खाडा मोजला जातो. तैवानहून न्यूयॉर्कला गेलेले कलाकार तेहचिंग शे यांनी एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ या वर्षात दर तासाला कारखान्यातलं हजेरीचं घड्याळ दाबलं. एकूण ८,७६० वेळा दाबायचं होतं. त्यांतले १३३ खाडे पडले, आणि तेही त्यांनी कारणांसह मांडले: ९४ झोपेमुळे, २९ उशिरामुळे, १० वेळेआधी दाबल्यामुळे. ते १३३ गाळले असते तर उरलेल्यांवर विश्वास का ठेवावा? जपानी चित्रकार ऑन कवारा यांनी १९६६ पासून तारखांची चित्रं केली, त्यांचा नियम याहून कडक: त्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरं झालं नाही तर ते नष्ट करायचं. तिथे खाडा दिसतच नाही. आयर्विनच्या कामात खाडा दिसावा. त्या दिवसाची पट्टी कोरी ठेवून खाली 'खाडा' लिहावं आणि दुसऱ्या दिवशी आठवून भरू नये.

फलकावरच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट, कारण तिथेही भाषाच घोळ घालते. सांगलीत पातळी फूट-इंचांत बोलली जाते: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. '४० फूट ६ इंच' हे '४०.६' असं लिहिलं की चूक झाली. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणजे ४०.५. '४० फूट ११ इंच'चं '४०.११' केलं तर संगणक त्याला ४०.२ पेक्षाही लहान धरतो, आणि पाणी चढत असताना आलेख खाली वाकतो. म्हणून 'फूट' आणि 'इंच' शब्दांतच लिहा. हालचालीला 'वाढ-घट' पेक्षा 'चढ' आणि 'उतार' घ्या. नदीकाठी पाणी चढतं, उतरतं, ओसरतं. शेजारी महाबळेश्वर किंवा कोयनेचा पाऊस देणार असाल तर 'आजचा पाऊस' लिहू नका. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा मागच्या २४ तासांचा असतो.

फलकाचा मजकूर असा करता येईल:

'कृष्णेची रोजकीर्द. आयर्विन पूल, सांगली. एका वर्षाचा नोंदीचा नेम. पातळी फूट-इंचांत, पट्टी त्या दिवशीच्या पाण्यातल्या गाळाची.'

गाळात डिंक घातला असेल तर तोही लिहा. नुसता गाळ वाळला की भुकटी होऊन झडतो, आणि पाहणाऱ्याला तो कागदावर कसा टिकला हे कळायला हवं. त्याखाली वेगळ्या ओळीत 'खाडे' आणि त्यांचा आकडा. एकही नसेल तर 'खाडे: नाहीत' असं स्पष्ट लिहा; ती ओळ रिकामी सोडली तर मोजायचं राहून गेलं असं वाटेल.