बर्लिनला पोचल्यावर आधी पत्ता नोंदव
अरे, शहर बघायला सहा महिने आहेत. आधी आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी कर. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि बर्लिनच्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कामांच्या कार्यालयात, भेटीची वेळ सहज मिळत नाही. म्हणून खोली ठरली की लगेच ती वेळ ऑनलाइन शोधायला लाग. सकाळी लवकर बघ, कुणीतरी रद्द केलेली वेळ सापडते. नुसता भाडेकरार पुरत नाही, तू तिथे राहायला आलास असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ‘इथे नोंदणी करता येणार नाही’ असं जो सांगेल, त्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. नोकरीसाठी लागणारा करक्रमांकसुद्धा नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. आणि हो, पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव. तिथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आण. प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नकोस, बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्या दिवसांत खोलीत एकटा बसू नकोस रे, हे मी काळजीने सांगतोय. मराठी मुलांना भेटच, पण दुपारी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, वर्गातल्या मुलांबरोबरही जेव. तोडकं-मोडकं जर्मन बोललास तरी ती सांभाळून घेतात. घरी फोन रोज नको, पण रविवारी नक्की कर.