जास्त खत दिलं तर गवत पाण्याचा ताण जास्त सहन करतं का?

नाही. नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतो तो) जास्त झालं तर उलट कमी सहन करतं.

तुमचा प्रश्न घरासमोरच्या हरळीच्या लॉनचा आहे: मे महिन्यात पाणी पुरत नाही, म्हणून आत्ताच युरिया टाकून गवत दणकट करून ठेवावं का? माझ्याकडे लॉन नाही, गायी आहेत. नागपूरजवळ काटोल रोडला आमचं वावर आहे. पण युरियानं गवत दणकट होतं हे वाक्य मी घरात इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. हरळी, ज्वारी, मका, नेपियर, सगळी एकाच कुळातली गवतं. त्यामुळे ज्वारीचं सांगितलं तरी तुम्हाला लागू पडेल.

वाटणी झाल्यावर वावराचे दोन भाग झाले. एका धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे आम्ही, पलीकडे माझे दीर. २०२३ मध्ये दोघांनी चाऱ्याची ज्वारी पेरली, एकाच दुकानातलं बियाणं, पेरणीही सोबतच. मी शेणखत आणि पेरताना सुपर फॉस्फेट दिलं, युरियाचा एकच हलका हात. दिरांनी पेरताना युरिया दिला, डवरणीनंतर (ओळींमधली माती हलवल्यावर) पुन्हा दिला, आणि शेजारच्यानं कौतुक केलं म्हणून आणखी एकदा. जुलैअखेर त्यांचं वावर खरोखर काळंभोर दिसत होतं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. दीर मला म्हणाले, "वहिनी, कृषी कॉलेजात हेच शिकवलं का? तुमची ज्वारी तर पिवळी पडून राहिली."

मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. आमच्याकडेही पावसानं मोठा खंड दिला. काळ्या मातीला भेगा पडल्या, हात आत जाईल एवढ्या.

त्यांच्या ज्वारीची पानं सकाळी दहालाच सुरळी व्हायची. माझी दुपारी वळायची आणि संध्याकाळी उलगडायची. मी कुदळीनं दोन्हीकडची ताटं खणून पाहिली. त्यांचं ताट उंच, पानं रुंद, आणि मुळं वरच्या थरातच. माझं ठेंगणं, पण मुळं खाली गेलेली. याचं कारण साधं आहे. नत्र भरपूर मिळालं की झाड मुळांवर खर्च करत नाही, पानं वाढवतं. जेवढं पान मोठं तेवढं पाणी उडतं, म्हणजे जमिनीतली ओल लवकर संपते. आणि ओल संपते तेव्हा ती खाली शोधायला मूळच नसतं. काळी माती पाणी पुष्कळ धरते खरी, पण त्यातलं बरंच इतकं घट्ट धरते की मुळांना ओढून घेता येत नाही. वर भेगा पडल्या की त्या मुळं तोडतात आणि खालची ओलही वाळवतात.

अमेरिकेत मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे १९८२ पासून कुरणाच्या वाफ्यांना कमी-जास्त नत्र देऊन पाहिलं होतं. १९८८ चा दुष्काळ पडला तेव्हा नत्रामुळे गवतांच्या जाती कमी झालेले वाफे जास्त कोलमडले. टिलमन आणि डाउनिंग यांनी १९९४ मध्ये ते छापलं आणि श्रेय विविधतेला दिलं. पुढे काहींनी आक्षेप घेतला की फरक जातींमुळे पडला की नत्रामुळे, ते यातून वेगळं काढता येत नाही. माझ्या वावरात तर जात एकच होती, आणि फरक तरी पडला.

खरी गोष्ट पुढेच आहे. सप्टेंबरात पाऊस परतला. दिरांची ज्वारी दोन-तीन दिवसांत हिरवी झाली आणि ते विळा घेऊन निघाले. मी धुऱ्यावर जाऊन म्हटलं, भाऊजी, आठवडाभर थांबा. "काहून थांबू? ढोरं काय हवा खाऊन राहतील?"

थांबायचं ते नायट्रेटमुळे, म्हणजे मुळं मातीतलं नत्र ज्या रूपात ओढतात त्यामुळे. ताण असताना पानातलं काम मंदावतं, मुळांनी घेतलेल्या नायट्रेटची प्रथिनं होत नाहीत आणि ते ताटात, विशेषतः बुडाशी, साठत राहतं. पाऊस पडल्यावर पहिले काही दिवस मुळं भराभर आणखी ओढतात, म्हणून तेच दिवस सगळ्यात वाईट. गायीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात जातं, आणि मग रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. वाळवून कडबा केला तरी हे जात नाही.

त्यांनी कापलं आणि घातलं. संध्याकाळी दोन गायी धापा टाकायला लागल्या. डॉक्टर आले, रक्त चॉकलेटी पाहिलं आणि त्यावरचं औषध, मिथिलीन ब्लू, शिरेतून दिलं. दोन्ही वाचल्या. त्यातली एक गाभण होती, तिचं वासरू गेलं. कोवळ्या ज्वारीतलं सायनाइडचं विष वेगळं, त्यात रक्त लालभडक होतं आणि औषधही वेगळं लागतं. डॉक्टरांनी रंग पाहून ओळखलं म्हणून निभावलं.

दीर आजही म्हणतात, पावसानं चारा सडला होता. सडलेल्या चाऱ्यानं रक्त चॉकलेटी होत नाही, भाऊजी. युरिया विकणाऱ्या दुकानदारानंही त्यांना सडल्याचंच सांगितलं, आणि घरात दुकानदाराचं खरं ठरलं, माझं पुस्तकी.

तुमच्या लॉनबद्दल: मार्च ते मे युरिया अजिबात नको. आपली माती साधारण अल्कधर्मी असते, त्यात तापल्या मातीवर युरिया फेकून वरवर पाणी शिंपडलं की त्यातलं नत्र अमोनिया होऊन बरंच हवेत जातं, आणि जे उरतं ते पानं वाढवून पाणी मागतं. पावसाळ्यात ओल असताना थोडं द्या. कापताना गवत उंच ठेवा. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी खोलवर भिजवा. हरळी जमिनीतल्या काड्यांवर जगते, वरून तपकिरी झाली म्हणजे मेली असं नाही.

पालाशाचं (पोटॅशचं) विचाराल, तर पानांची छिद्रं उघडणं-मिटणं त्यावरच चालतं, तो कमी असेल तर गवत पाणी सांभाळू शकत नाही. आपल्या काळ्या मातीत तो सहसा पुरेसा असतो, पोतं आणायची घाई नको. पण नागपुरात बंगल्यांच्या अंगणात कितीतरी ठिकाणी मुरमाची भर असते, तिथे माझं काळ्या मातीचं गणित लागू नाही, आधी माती तपासून घ्या. स्फुरद (फॉस्फरस) मुळांसाठी हवाच, पण तो मातीत हलत नाही, कोरड्या मातीत तर जवळजवळ नाहीच. वर फेकलेला वरच पडून राहतो, लॉन लावतानाच मातीत मिसळायला हवा होता.

आणि नत्र अजिबात देऊ नका असंही मी म्हणत नाही. उपाशी गवत असलेलं पाणीही नीट वापरत नाही. ओल असताना माफक नत्र दिलं तर तेवढ्याच पाण्यात जास्त चारा येतो, म्हणून तर माझा एक हात होताच. दिरांना मी हेच सांगत होते. त्यांना "खत नको" एवढंच ऐकू आलं. यंदा त्यांनी पुन्हा तीनदा युरिया दिलाय, आणि पावसाचा खंड पडला तर मी पुन्हा धुऱ्यावर जाऊन थांबा म्हणणार आहे.