मराठी माध्यमातून दहावी झाली, आता पीयूसी सायन्सला आहे. वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे वाढवू?

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेतून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आलेल्यांचं घोडं विषयाच्या संज्ञांवर अडत नाही; त्या वर्गात शिकवतातच. अडतं ते सिग्निफिकंट, डिराइव्ह, कन्सिस्टंट अशा सगळ्या विषयांत डोकावणाऱ्या शब्दांवर. नेमकी त्यांचीच यादी तयार आहे: अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कुटुंब). रोज पाच घेतलीत तर चार महिन्यांत संपते.

शब्द सुटा लिहू नका. फिजिक्सच्या पुस्तकात 'डिराइव्ह' सापडला की ते अख्खं वाक्य वहीत उतरवा, म्हणजे त्याच्या मागे येणारा 'फ्रॉम'ही सोबतच बसतो. नुसता अर्थ पाठ केला तर वाचताना कळतं, पण उत्तर लिहिताना पेन थांबतं.

एकाच शब्दकुटुंबात उच्चाराचा जोर सरकतो, हे फार जण सोडून देतात. अ‍ॅनलाइझमध्ये तो पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), अनॅलिसिसमध्ये दुसऱ्या, अ‍ॅनलिटिकलमध्ये तिसऱ्या. मराठीत असं होत नाही, म्हणून शब्दकोशाच्या अ‍ॅपवर उच्चार ऐकून मोठ्यानं म्हणाच.

एकाच अर्थाचे चार-पाच शब्द एका दिवशी घेऊ नका. एकमेकांत मिसळतात आणि ऐनवेळी एकही धड आठवत नाही.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि तिसाव्या दिवशी. इंग्रजी बाजू झाकायची, मराठी अर्थ बघून शब्द आठवायचा. चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.