लडाखला नर्स म्हणून जाताय? आधी पोस्टिंग विचारा

दोन वर्षांचा आयसीयूचा अनुभव लडाखला पुरेल का आणि कपडे काय न्यायचे, असं तुम्ही विचारलंय. कपड्यांचं सोडा, लेहच्या बाजारात सगळं मिळतं. मी तिथे दोन हिवाळे काढलेत, एक लेहला आणि एक खारदुंग खिंडीपलीकडच्या नुब्रा खोऱ्यात.

अनुभव उपयोगी पडेलच, पण डोक्यातले आकडे बदलावे लागतील. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. पहिल्याच आठवड्यात एकाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 88 टक्के बघून मी ऑक्सिजन आणायला धावले होते. तो बिचारा ठणठणीत होता, नुसती पायाची पट्टी बदलायला आला होता! हिमोग्लोबिनचंही तसंच. बाईचं 13 आलं की आपण निश्चिंत होतो, त्या उंचीवर मात्र ते कमीच धरतात. पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा उपकरणं नुसती उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र, आहे का, आणि तो चालू आहे का, हे दोन्ही विचारा.

तुमच्या ऑफर लेटरवर नुसतं 'लडाख' आहे म्हणता. सही करण्याआधी नेमकं गाव विचारून घ्या, कारण खरा फरक तिथेच पडतो. उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालं की ऑक्सिजन लावा आणि पेशंटला खाली उतरवा, हे आपण पाठ केलेलं असतं. नुब्रातून लेहचा नेहमीचा रस्ता खारदुंग ला या खिंडीवरून जातो, 5,300 मीटरच्याही वरून. म्हणजे ज्याला खाली न्यायचं, त्यालाच आधी दोन हजार मीटर वर चढवायचं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला 5 लिटरने पाच तास. बर्फात गाडी अडकली तर? आमचा सिलिंडर एकदा माथा ओलांडताच संपत आला होता. ड्रायव्हरने न सांगता सीटखाली दुसरा टाकला होता म्हणून निभावलं. त्यानंतर स्वतः मोजल्याशिवाय मी गाडी हलू दिली नाही.

झंस्कारच्या दुर्गम खोऱ्यात तर हिवाळ्यात कित्येकदा हेलिकॉप्टरचीच वाट बघावी लागते. लेहची विमानंही बहुतेक सकाळीच असतात, दुपारी वारा सुटतो. पेशंटला दिल्ली-चंदीगडला हलवायचं दुपारी चारला ठरलं, तर ती रात्र तुम्हालाच काढायची आहे.

विमानाने पोहोचलात की दोन दिवस पूर्ण आराम. लगेच ड्यूटी लावली तर सरळ नाही म्हणा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. खोलीत बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, असेल तर खिडकी किंचित उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं जातात. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड करून घ्या.

हिंदीवर बरंच निभतं, पण गावातल्या आजींशी बोलायला कुणीतरी लडाखी बोलणारं जोडीला लागेल. त्या बऱ्याचदा आधी आमचींकडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यांकडे जाऊन आलेल्या असतात. नाक मुरडलंत तर घेतलेलं औषध त्या सांगणारच नाहीत.

पोस्टिंग कळलं की सांगा. नुब्रातल्या दिस्कितच्या बाजूला असेल तर गाडीत काय काय ठेवायचं ते सविस्तर लिहीन.